तीन रात्रींचं पाणी

डॉक्टर एलेंगा यांचं पत्र आलं तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. आता त्र्याहत्तरावं चालू आहे. मधल्या वर्षांत मी शेकडो पत्रं लिहिली असतील. पठारावरच्या आमच्या मुकिला गावात शाळामास्तर मीच, त्यामुळे लोकांची पत्रंही मीच लिहायचो. खाणीवर गेलेल्या मुलांना, सैन्यातल्या जावयांना. एकदा तर एका माणसाचं लग्नाच्या मागणीचं पत्र आणि त्याला मुलीकडून गेलेला नकार, दोन्ही माझ्याच अक्षरात होते. त्या एका पत्राला मात्र मी उत्तर दिलं नाही.

पत्र जेमतेम अर्ध्या पानाचं. यंत्रावर टंकलेलं, खाली निळ्या शाईत सही. डॉक्टरांनी विचारलं होतं: ज्या महिन्यांत तुमच्या गावातल्या मुलांचे आणि बायकांचे पाय गेले, त्याच्या थोडं आधी कसावा तयार करण्याच्या रीतीत काही बदल झाला होता का? झाला असल्यास कोणता? आणि कोणाच्या सांगण्यावरून?

उत्तर मला येत नव्हतं असं नाही.

त्या वर्षी पहिल्यांदा रस्ता झाला आणि लॉरी यायला लागली. दर गुरुवारी यायची आणि वाळवलेला कसावा भरून राजधानीकडे जायची. आमच्या बायकांचा आठवडा तेव्हा चार दिवसांचा होता. कडू कसाव्याचे कंद पहिल्या दिवशी ओढ्यातल्या खड्ड्यात टाकायचे आणि चौथ्या दिवशी काढायचे. मध्ये तीन रात्री. चौथा दिवस पूर्वजांचा, त्या दिवशी शेतात जायचं नाही, फक्त कंद काढून छपरावर वाळत घालायचे. प्रत्येकीचा खड्डा वेगळा, दगडांनी आखलेला, आईकडून लेकीकडे आलेला. हे कुणी कुणाला शिकवल्याचं मला आठवत नाही.

लॉरीला चार दिवसांचा आठवडा ठाऊक नव्हता. ती यायची तेव्हा कंद कधी पाण्यात असायचे, कधी छपरावर ओलेच. बायका शाळेच्या दारात येऊन माझ्याशी भांडायच्या, जणू गुरुवार मीच पाठवत होतो.

"मास्तर, तुमचा तो गुरुवार जरा पुढं ढकला की."

"अहो, गुरुवार माझा नाही."

"मग कुणाचा? कॅलेंडर तर तुमच्याच भिंतीवर आहे!"

मला गणित आवडायचं. माणसांशी बोलायला मी लहानपणापासून भितो, पण आकड्यांशी माझं बरं जमायचं. मी दोन रंगांच्या खडूंनी फळ्यावर तक्ता मांडला. चाराचा आठवडा आणि साताचा आठवडा अठ्ठावीस दिवसांनी एकदा जुळतात. उरलेल्या तीन आठवड्यांत कुठून तरी दोन दिवस काढायला हवे होते. ऊन माझ्या हातात नव्हतं, म्हणून मी पाणी कमी केलं. तीन पुसून एक लिहिलं. कंद बारीक चिरून टाकले की एका रात्रीत काम भागेल, असं बायकांना सांगितलं. पीठ उलट जास्तच पांढरं झालं. लॉरीवाला खूश होता. मला वाटतं माझ्या आयुष्यात गावानं माझं कौतुक केलं ते तेवढंच.

हरकत घेतली एकट्या लुकेनीनं. साठीची विधवा, नात मातोंडोला घेऊन ओढ्याजवळ राहायची. एकदा भर वर्गात ती दारात येऊन उभी राहिली. हात कोपरापर्यंत ओले.

"मास्तर, एका रात्रीत पाणी काय करणार? आत काय आहे ते त्याला अजून कळलंही नसतं."

मी म्हणालो, "आजी, पाण्याला नाही कळलं तरी चालेल. गणिताला कळलंय."

पोरं हसली. तीही हसली. "मग गणितच शिजवून खा," म्हणाली आणि गेली. तिनं आपल्या तीन रात्री सोडल्या नाहीत. चारातल्या तीन गुरुवारी तिची टोपली लॉरीत चढायचीच नाही.

मग कोरडा मोसम आला. पहाटे धुकं, ओढ्याचं पाणी बर्फासारखं. शेंगा, वाळवलेले मासे, जे काही होतं ते लॉरीबरोबर गेलं होतं. आम्ही सकाळ-संध्याकाळ कसाव्याच्या पिठाचा घट्ट गोळा खायचो, सोबत थोडा पाला. ऑगस्टमधल्या एका सकाळी माझ्या वारलेल्या बहिणीची मुलगी न्सिंबा वर्गात आली ती चवड्यांवर चालत. अकरा वर्षांची होती. मी फळ्यावर तारीख लिहीत होतो.

"न्सिंबा," मी मागे वळून म्हणालो, "असं चवड्यांवर काय चालतेस? कुणी झोपलंय का इथं?"

सगळा वर्ग हसला. मी क्वचितच विनोद करत असे, म्हणून जरा जास्तच हसला. न्सिंबाही हसली. तिनं टाच टेकवायचा प्रयत्न केला आणि बाकाला धरत धरत खाली बसली.

"टाच खाली जात नाहीये, मामा."

ताप नव्हता, दुखत नव्हतं. रात्री झोपताना पाय तिचे होते, सकाळी नव्हते. सप्टेंबर संपेपर्यंत अशी चौदा जणं झाली. मुलं आणि बायका. एकदा गेलेले पाय बरे होत नसत आणि त्याहून बिघडतही नसत. म्हाताऱ्यांनी त्याला कोंझो म्हटलं. हरणानं पळू नये म्हणून शिकारी जो ताईत करतात, त्याचं ते नाव.

डॉक्टर एलेंगा जीपनं आले. तरुण होते, चष्मा सारखा घसरायचा. लहानशा हातोडीनं त्यांनी गुडघ्यांवर टकटक केलं तेव्हा पाय ताडकन उडाले. रक्त घेतलं, चार दिवस राहिले. जाताना मला म्हणाले, "मास्तर, हा पोलिओ नाही. हे काय आहे ते मला माहीत नाही. कुठल्याच पुस्तकात मी हे वाचलेलं नाही." पुस्तकांबद्दल इतकं सरळ बोलणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. मला ते आवडले. पण गावानं त्यातून आपला अर्थ काढला. पुस्तकात नाही म्हणजे कुणीतरी केलेलं आहे.

आमच्याकडे मूल आईच्या घराचं. त्याचा आजारही आईच्याच घराचा. देवऋषी प्रश्न विचारतो, राख पाहतो, पण कुणी केलं ते नाव मुलाच्या मामानं मान डोलावल्याशिवाय पक्कं होत नाही. न्सिंबा पहिली पडली होती, म्हणून मामा मी.

देवऋषीनं विचारलं, "कोणत्या घरात हे आलेलं नाही?"

सगळ्यांना ठाऊक होतं. लुकेनीची मातोंडो तिथंच अंगणात दोन्ही टाचा आपटत पळत होती.

मला तेव्हा सगळं कळलं होतं असं म्हणणं खोटं होईल. शाईनं उतरवून झालेल्या हिशेबात चूक दिसावी, तसं काहीतरी डोळ्यांसमोरून गेलं. तिचं घर. तिच्या तीन रात्री. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललो असतो तर चौदा घरांना माझा फळा आठवला असता. चौदा घरं माझ्याकडे पाहत होती.

मी मान डोलावली.

लुकेनीला ओढ्यापलीकडे घालवून दिलं. डोक्यावर टोपली, काखेत चटई, हाताला मातोंडो. माझ्या घरापुढे ती थांबली. शाप दिला नाही. एवढंच म्हणाली, "मास्तर, मी तीन रात्री मोजत राहीन. तुम्हीही मोजा." पुढच्या कोरड्या मोसमात ती पलीकडेच वारली.

पत्र आलं ते तिला घालवल्यानंतरच्या पावसाळ्यात. मी ते वाचलं आणि कागदपत्रांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं.

महिन्याभरानं नेमणुकीचा कागद काढायला पेटी उघडली तर डॉक्टरांचं पत्र ओलसर लागलं. बाकीचे कागद कोरडे होते. आंबूस वास येत होता, भिजवणीच्या खड्ड्याशी येतो तसा. मला वाटलं पावसाची ओल असेल. उन्हात वाळवून परत ठेवलं. चार दिवसांनी पुन्हा तसंच.

मी भित्रा असलो तरी अंधश्रद्ध नाही. छप्पर तपासलं. पेटी जमिनीवरून उचलून फळीवर ठेवली. पत्राभोवती मीठ घातलं. शाळेच्या कपाटात ठेवून पाहिलं. शेवटी चर्चमधल्या पास्कालीगुरुजींकडे दिलं, काय आहे ते न सांगता. पाचव्या दिवशी ते माझ्या दारात.

"घ्या मास्तर, हे तुमचं तुमच्याकडेच ठेवा. ह्याला घाम येतो."

"घाम?"

"कालपर्यंत बरं होतं. आज सकाळी बायबलसुद्धा भिजवलं त्यानं." त्यांनी पत्र दोन बोटांत धरलं होतं. "आणि स्वयंपाकघराचा वास मारतो. काय लिहिलंय त्यात?"

"चौकशीचं पत्र आहे."

"मग उत्तर देऊन टाका," ते म्हणाले आणि बोटं सदऱ्याला पुसत गेले.

मी नोंद ठेवायला लागलो. तीन रात्री कोरडं, चौथ्या सकाळी ओलं. वर्षं गेली. देशाचं नाव बदललं, पैशावरचे चेहरे बदलले. गावात रेडिओ आले आणि बायकांचाही आठवडा सात दिवसांचा झाला. कोंझोचा तेवढा एकच मोसम आला असंही नाही. लॉरी यायची, पाऊस चुकायचा आणि अधूनमधून एखादं मूल चवड्यांवर उठायचं. चार दिवसांचा आठवडा सगळे विसरले. तो फक्त माझ्या पेटीत चालू राहिला. अक्षरं धुपत गेली, आधी तारीख, मग माझं नाव, मग निळी सही. शेवटची ओळ तेवढी जशीच्या तशी राहिली. आणि कोणाच्या सांगण्यावरून?

न्सिंबा माझ्याच घरी राहिली. मी लग्न केलं नाही, तिचं कुणी केलं नाही. आज ती पंचावन्न वर्षांची आहे. दोन काठ्यांवर, गुडघे एकमेकांना घासत, चवड्यांवर चालते आणि बसल्या बसल्या गावातल्या कुणाहीपेक्षा बारीक पीठ कांडते. तोंडानं फटकळ आहे. माझ्या चपला चालताना टाचेला फटफट वाजतात, त्यावरून ती मला ओळखते. "आल्या टाचा," म्हणते, "मागून मामा येत असतील." एकदा मी नऊ दिवस दवाखान्यात होतो. परत आलो तर म्हणाली, "मामा, तुमच्या पेटीतून पाणी गळत होतं. दोनदा पुसलं मी."



गेल्या महिन्यात परिचारिकांचं एक पथक आलं. त्यांच्याकडे रंगीत तक्ते होते. आता कोंझो जगभरच्या पुस्तकांत आहे, त्याला कारण आहे, चित्रं आहेत. कडू कंदांत विष असतं, ते पाणी काढून नेतं, पण त्याला वेळ लागतो. तीन रात्री, असं त्या मुलीनं बोटं दाखवून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग पुढच्या रांगेतला मुकोको उठला. त्या चौदांत त्याची आईही होती.

"बाई, तुमचं पटलं. पण रात्री कमी केल्या कुणी? तीन रात्री तर आमच्या आज्यांनाही माहीत होत्या. त्या लुकेनीनंच आमची अक्कल फिरवली."

माना हलल्या. माझा फळा कुणालाच आठवत नव्हता. मी शेवटच्या बाकावर होतो आणि माझ्या चपलांकडे पाहत होतो.

परिचारिका म्हणाली की डॉक्टर एलेंगा अजून आहेत, फार थकलेत, त्या वर्षाची गावोगावची हकिगत लिहून पुस्तक करताहेत. आमच्या गावाचं पान तिच्याजवळ होतं. तिनं वाचून दाखवलं. मुकिला, रुग्ण चौदा, रीत बदलल्याचं कारण कळलं नाही, लुकेनी नावाच्या एका विधवेला गावानं दोषी धरलं.

मातोंडो सगळ्यांच्या मागे, झाडाखाली उभी होती. तिला अजूनही ओढ्याच्या वरच्या अंगाला पाणी भरू देत नाहीत. खालच्या अंगाचं, सगळ्यांनी वापरलेलं पाणी ती भरते. लोक पांगल्यावर ती माझ्याजवळ आली.

"मास्तर, आजीचं नाव पुस्तकात जाणार."

मी बाकावरून उठायला लागलो.

"तुम्ही शिकलेले आहात. एकदा पुस्तकात गेलं की ते पुसता येतं का?"

"नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. चक्रातला दुसराच दिवस होता. पत्र ओलं होतं.

तिसऱ्या दिवशीही ओलं. आता बाकीचे कागदही भिजले होते, नेमणूक, पदव्या, आईचा एकुलता फोटो. पेटीच्या तळाशी बोटभर पाणी साचलं होतं. पाणी थंड होतं, कोरड्या मोसमातल्या ओढ्याच्या पाण्यासारखं. त्यात बारीक चिरलेल्या कसाव्याच्या चार फोडी होत्या. कडक. एका रात्रीत काढल्यासारख्या.

मी टेबलाशी बसलो आणि लिहायला घेतलं.

तीन पानं झाली. फळा, खडूचे दोन रंग, अठ्ठावीस दिवस, एक रात्र. लुकेनीनं हरकत घेतली होती हे. तिच्या घरात कोंझो का आला नाही हे. मी मान डोलावली हे. 'कोणाच्या सांगण्यावरून' या प्रश्नाखाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं.

न्सिंबा अंगणात उखळाशी होती. तिला मी सगळं वाचून दाखवलं.  तिचं मुसळ थांबलं नाही. पान संपलं, पुढचं सुरू झालं, घाव त्याच तालात पडत राहिले.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"मला माहीत होतं, मामा. त्या वर्षी फळा पुसायची पाळी माझी होती. तीनच्या जागी एक मी पाहिला होता."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमच्याशिवाय मला होतं कोण?" तिनं पीठ चाळणीत ओतलं. "आणि वाटायचं, तुम्हीच सांगाल. आज नाही तर चौथ्या दिवशी."

"तुला चौथा दिवस..."

"पेटी कोण पुसतं, मामा?"

तिनं चाळणी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "पाकीट चिकटवू नका अजून. आधी मातोंडोला वाचून दाखवा. आणि मुकोकोलाही. घाबरू नका, मी येते बरोबर. मला बघून तुम्हाला कुणी मारणार नाही."

आम्ही गेलो. मुकोकोनं माझ्या अंगावर हात टाकला नाही. त्यानं माझ्या पायांपुढे थुंकलं आणि दार लावून घेतलं. मातोंडोनं पानं हातात घेतली, आजीचं नाव जिथं होतं तिथं बोट ठेवलं आणि पानं परत दिली.  परतताना तिनं घागर उचलली आणि सगळ्यांच्या देखत ओढ्याच्या वरच्या अंगाला गेली. कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लॉरीनं मी टपाल कचेरीच्या गावी, काहेम्बाला निघालो. चक्रातला चौथा दिवस होता. न्सिंबा दारापर्यंत आली. "आल्या नाहीत, चालल्या टाचा," म्हणाली.

वाटभर मी पाकीट सदऱ्याच्या आत धरलं होतं. दर थोड्या वेळानं हात लावून पाहायचो. कोरडं होतं. दुपार झाली तरी कोरडंच होतं. चव्वेचाळीस वर्षांत चौथ्या दिवशी मी पहिल्यांदाच कोरडा कागद हातात धरला होता, आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

टपाल कचेरीत एक तरुण मुलगी होती. फरशी नुकतीच पुसलेली होती, म्हणून मी कडेकडेनं गेलो. रिकाम्या खोलीत माझ्या चपला मोठ्यानं वाजल्या, फट, फट. तिनं मान वर करून पाहिलं.

"कुठं पाठवायचंय, ताता?"

मी परिचारिकेकडून घेतलेला पत्ता दाखवला.

"डॉक्टरांना होय? तब्येत बरी आहे ना तुमची?"

"बरी आहे," मी म्हणालो.

तिनं तिकीट चिकटवलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. ते तळाशी पडल्याचा बारीक आवाज आला. मी आभार मानले आणि वळलो. फार हलकं वाटत होतं. दारापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की चपला वाजत नाहीयेत.

मागून ती मुलगी हसली.

"ताता, असं चवड्यांवर काय चालताय? कुणी झोपलंय का इथं?"